गॅलरीतून दिसणारी नदी आणि ‘लीज’चे चार लाख

प्रश्न : मी सांगलीची. येत्या जूनपासून कर्नाटकातल्या संकेश्वरजवळच्या एका महाविद्यालयात अध्यापिका म्हणून रुजू होत आहे. अडुसष्ट वर्षांची आई माझ्यासोबत राहील; तिचे गुडघे दुखतात. संकेश्वरच्या जुन्या वस्तीत, हिरण्यकेशी नदीच्या घाटापासून चार-पाच मिनिटांवर, पाडलेल्या वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हांला आवडला. गॅलरीतून नदी दिसते. घरमालक घरात मराठीच बोलतात, अतिशय सज्जन आहेत, पहिल्याच भेटीत त्यांनी आईला जेवूनच जा म्हणून आग्रह केला. त्यांनी दोन पर्याय दिले आहेत. महिना सात हजार भाडे आणि पन्नास हजार ‘अॅडव्हान्स’. किंवा तीन वर्षांसाठी चार लाखांचे ‘लीज’, ज्यात भाडे नाही आणि शेवटी सगळी रक्कम परत. ‘लाइट बिल तर येतच नाही,’ असेही ते म्हणाले. कराराचा मसुदा कन्नडमध्ये आहे. मला कन्नड वाचता येत नाही. बाबांच्या मागे मिळालेले चार लाख बँकेत आहेत. काय करावे?

उत्तर :

प्रिय भगिनी,

चार लाख देऊ नका. महिना भाड्याचा पर्याय घ्या, करार अकरा महिन्यांचा करा आणि पुराविषयीचे एक कलम त्यात मालकांकडून लिहून घ्या. तुमच्या पत्रात घरमालकांच्या सज्जनपणाविषयी बरेच काही आहे आणि नदीविषयी एकच वाक्य, तेही गॅलरीतून दिसणाऱ्या देखाव्याचे. मला हे प्रमाण थोडे उलटे हवे होते. घरमालक सज्जन असतीलही. पण हिरण्यकेशीशी त्यांचा करार झालेला नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. तुमच्याकडे ‘अॅडव्हान्स’ म्हटले की आगाऊ भाडे असा अर्थ होतो. कर्नाटकात तोच शब्द अनामतीसाठी, म्हणजे जागा सोडताना परत मिळणाऱ्या रकमेसाठी वापरतात. नुसता ‘अॅडव्हान्स’ एवढाच शब्द करारात राहिला, तर उद्या कोणी त्याचा कोणताही अर्थ लावील. म्हणून ‘परत करावयाची बिनव्याजी अनामत रक्कम’ असे स्पष्ट लिहून घ्या आणि ती रोखीने न देता बँकेमार्फत द्या. ‘लीज’चेही तसेच आहे. कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा म्हणजे लीज, मग भाडे महिन्याला द्या वा वर्षाला. इकडच्या बोलण्यात मात्र ‘लीजवर घर घेतले’ याचा अर्थ एकरकमी पैसे देऊन बिनभाड्याने राहणे. कन्नडमध्ये त्याला ‘भोग्य’ म्हणतात. तुमच्या मसुद्यात यांपैकी कोणता शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे पाहणे हे पहिले काम.

आता हिशेब. पहिल्या पर्यायात तुम्ही पन्नास हजार ठेवता, दुसऱ्यात चार लाख. म्हणजे साडेतीन लाख जादा देऊन तुम्ही महिना सात हजार वाचवता. साडेतीन लाखांवर महिना सात हजार म्हणजे शेकडा दोन रुपये. हा दर आपल्या भागात कोणत्या व्यवहारात ऐकू येतो, हे तुम्हांला सांगायला नको. तो बँकेचा नव्हे, खाजगी सावकारीचा दर आहे. वर्षाला चोवीस टक्के पडतील अशा बोलीवर जो माणूस तुमच्याकडून पैसे घेतो, त्याला स्वस्त दराने ते मिळण्याची सोय उरलेली नाही, असा तर्क निघतो. मी त्यांना लबाड म्हणत नाही. इमारत बांधताना पैसे कमी पडले असतील, मुलीचे लग्न असेल, उसाचे बिल थकले असेल. परंतु अडचणीतल्या माणसाकडे तीन वर्षांनंतर तुमच्यासाठी चार लाख रोख तयार असतील, हे कशावरून? बहुतेक ठिकाणी ते पुढच्या भाडेकऱ्याकडून येतात, आणि तो मिळेपर्यंत ‘अजून दोन महिने राहा की, कोण जा म्हणतंय’ असे आपल्याला ऐकावे लागते. तुमची बदली झाली, नोकरी सुटली किंवा आईची तब्येत बिघडली, तर तुम्ही राहू शकता पण जाऊ शकत नाही, अशी ही व्यवस्था आहे. नदीकाठच्या घरात भाडेकऱ्याकडे खरे संरक्षण एकच असते, ते म्हणजे सामान उचलून निघून जाता येणे. चार लाख दिले की तेच हातातून जाते.

कायद्याची बाजूही कच्ची आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. तीन वर्षांचे ‘लीज’ नुसत्या स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन केले, तर त्यातील अटी न्यायालयात पुरावा म्हणून सिद्ध करणे कठीण जाते. एकरकमी पैसे देऊन ताबा घ्यायचाच असेल, तर त्याचे शुद्ध रूप ताबेगहाण हे आहे. त्यात तुमचे पैसे त्या मालमत्तेवर बोजा म्हणून चढतात, आणि असे गहाण उपनोंदणी कार्यालयात नोंदवावेच लागते. मालकांना हे सुचवून पाहा. ते तयार झाले आणि किमान पंधरा वर्षांचा बोजा दाखला, म्हणजे इकडे ज्याला ई.सी. म्हणतात तो, स्वच्छ निघाला, तर पुढचा विचार करता येईल. दाखल्यात केवळ नोंदलेले व्यवहार दिसतात, हातउसने दिसत नाहीत, हे लक्षात असू द्या. माझा अंदाज असा की नोंदणीचे नाव काढताच ‘मग भाड्यानेच राहा’ असे उत्तर येईल, आणि आपल्यालाही तेच हवे आहे.

आता नदी. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून संकेश्वराला येते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर संकेश्वर त्या मानाने कोरड्या पट्ट्यात. त्यामुळे होते असे की गावात ऊन पडलेले असते, लोक वाळवणे काढावीत की ठेवावीत असा विचार करीत असतात, आणि नदी मात्र चढत असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तिचे पाणी काठच्या वस्तीत शिरले होते. दोन वर्षांत दोनदा आलेल्या पाण्याला अपवाद म्हणता येणार नाही.

तुम्ही घर उन्हाळ्यात पाहिले असणार. उन्हाळ्यात नदीकाठचे प्रत्येक घर चांगलेच दिसते. पुन्हा एकदा जा, सकाळच्या उजेडात जा, आणि फ्लॅटमध्ये न शिरता आधी तळमजला पाहा. पाणी ओसरल्यावर भिंतीवर पट्टा राहतो. त्यावर रंग मारतात, म्हणून जिन्याच्या खालच्या भागात कमरेपर्यंतच ऑइलपेंट आणि वर साधा रंग दिसला, तर तो रंग तिथेच का थांबला, हे विचारा. रंगाखालून मिठासारखी पांढरी भुकटी सुटत असेल, तर बोट फिरवून पाहा. लाकडी चौकटींचे तळाचे टोक फुगलेले आहे का, लोखंडी फाटकाचा गंज खालच्या दोन-तीन फुटांतच जास्त आहे का, हे पाहा. वीज मीटरांचा फळा किती उंचीवर बसवला आहे, हे तर पाहाच. शेजारच्या जुन्या घरातला फळा छताजवळ असेल आणि तुमच्या नव्या इमारतीतला छातीच्या उंचीवर, तर शेजारच्यांना जे ठाऊक आहे ते बांधणाऱ्याला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्याने खर्च वाचवला. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गल्लीत मिरच्या निवडत बसलेल्या एखाद्या मावशींना विचारा, ‘पाणी कुठवर आलं होतं हो?’ त्या आकडा सांगणार नाहीत. उठून उभ्या राहतील आणि स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवतील. त्या हाताची उंची मनात धरून परत या आणि तुमच्या इमारतीच्या मीटरफळ्याशी, पाण्याच्या मोटारीशी आणि जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाशी ताडून पाहा.

‘आम्ही पहिल्या मजल्यावर, आम्हांला काय,’ असे वाटणे साहजिक आहे. घरात पाणी येणार नाही, हे खरे. पण फळा भिजला की साऱ्या इमारतीची वीज तोडली जाते, मोटार बंद पडते, खालच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळते, आणि जिन्याच्या शेवटच्या पाच पायऱ्या पाण्याखाली असल्या की गुडघे दुखणाऱ्या बाईला पहिला मजला म्हणजे बेट होते.

अशा काळातल्या भाड्याविषयी कायदा काय म्हणतो, हे बहुतेकांना उशिरा कळते. वर सांगितलेल्या अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर यांची तरतूद आहे. मात्र जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा ती लक्षणीय प्रमाणात आणि कायमची निरुपयोगी झाली, तरच भाडेकऱ्याला पट्टा रद्द समजण्याचा अधिकार मिळतो. सगळी मेख ‘कायमची’ या शब्दात आहे. दहा दिवसांनी पाणी ओसरले की जागा पुन्हा राहण्याजोगी होते, आणि त्या दहा दिवसांत तुम्ही नातेवाइकांकडे राहिला असलात तरी भाडे चालूच राहते. म्हणून करारात वेगळे कलम हवे. शब्द असे ठेवता येतील : ‘इमारतीत अथवा तिच्याकडे येणाऱ्या रस्त्यावर पुराचे पाणी आल्याने, किंवा त्या कारणाने वीज अथवा पाणीपुरवठा बंद राहिल्याने, सदर जागेत राहणे अशक्य झाल्यास तेवढ्या दिवसांचे भाडे आकारले जाणार नाही. ही स्थिती पंधरा दिवसांहून अधिक राहिल्यास भाडेकऱ्यास पूर्वसूचनेविना जागा सोडण्याची मुभा राहील आणि अनामत रक्कम सात दिवसांत परत केली जाईल.’ मालक कुरकुरतील. दिवसांच्या संख्येवर घासाघीस होऊ द्या, पण कलम सोडू नका.

अकरा महिन्यांचा करार का, तेही सांगतो. महाराष्ट्रात तुम्ही ‘लिव्ह अँड लायसन्स’ला सरावलेल्या आहात आणि तो करार तिथे मुदत कितीही असली तरी नोंदवावा लागतो. इकडे रिवाज भाडेकराराचा आहे, आणि वर्षाच्या आतील मुदतीला नोंदणीची सक्ती नाही. कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९ तुमच्या मदतीला येईल अशी आशा ठेवू नका. मोठी शहरे वगळता इतर गावांत महिना दोन हजारांहून अधिक भाड्याच्या घरांना तो लागूच होत नाही. तुमचे नाते पुन्हा १८८२ च्या अधिनियमावर आणि करारात जे लिहिले असेल त्यावरच चालणार. दरमहा चालणाऱ्या भाडेपट्ट्यात दोन्ही बाजूंना लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांत मोकळे होता येते; वयस्कर आई बरोबर असताना पंधरा दिवस फार थोडे, म्हणून मालकांनी द्यायची मुदत दोन महिने आणि तुम्ही द्यायची एक महिना, असे मागा. एवढी सवलत सज्जन माणूस देतो.

कन्नड मसुद्याविषयी तुमच्या मनात जी किंचित धास्ती आहे, ती मी समजू शकतो. बेळगावात हयात गेली तरी वीज बिल हातात घेतले की अजून माझा चष्मा डोळ्यांवर आणि बोट ओळीवर जाते. सरकारी कामकाज कन्नडमध्ये आहे, बहुतेक करारलेखकांचे तयार नमुने कन्नडमध्ये आहेत, आणि मालकांनी तुम्हांला फसवण्यासाठी ती भाषा निवडली असे मानण्याचे कारण नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमच्या भाडेकराराने त्याच्यासाठी थांबण्याची गरज नाही. करार इंग्रजीत करण्याचा आग्रह धरा, तो बँकेलाही चालेल आणि तुमच्या महाविद्यालयालाही. मालकांना कन्नडच हवा असेल, तर त्याचे मराठी भाषांतर दोघांनी सही करून मूळ कराराला जोडावे, आणि ‘वरील मजकूर भाडेकऱ्यास मराठीत वाचून दाखवला’ असे लिहून वाचणाऱ्याने नाव व सही द्यावी. वाचणारा मालकांचा भाचा नसावा, एवढे पाहा.

‘लाइट बिल येत नाही’ हे अर्धे खरे आहे. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२३ पासून घरगुती ग्राहकांना वीज मोफत मिळते आणि भाडेकऱ्यांनाही तिचा लाभ घेता येतो. पण मोफत मर्यादा त्या मीटरच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी भर घालून ठरते, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या पुढे गेला की सारे बिल भरावे लागते. तुमच्या फ्लॅटचा आर. आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, कोणता, तो स्वतंत्र मीटर आहे की मालकांच्या मीटरवरून ओढलेली तार, आणि आधीच्या भाडेकऱ्याचे आधार त्याला अजून जोडलेले आहे का, या गोष्टी हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन पाहून घ्या. जुने आधार काढल्याशिवाय तुमचे जोडता येणार नाही, आणि जोडायला भाडेकराराची प्रत लागेल.

अनामतीतून काय कापले जाईल, तेही आताच ठरवा. पुष्कळ वर्षांपूर्वी मी घटप्रभेच्या काठी एका गावात दीड वर्ष भाड्याने राहिलो. निघताना मालकांनी रंगरंगोटीसाठी म्हणून एक महिन्याचे भाडे कापले, आणि भिंतीच्या तळाला आलेली ओल मी बादल्या उपड्या केल्यामुळे आली, असे सांगून आणखी कापले. ती ओल मी येण्यापूर्वीची होती. माझ्याजवळ ना फोटो होता, ना कागद; होते फक्त माझे म्हणणे, आणि माझ्या म्हणण्याला त्या ओट्यावर काही किंमत नव्हती. तुम्ही ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे, नळांचे, खिडक्यांचे आणि जिन्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी ते मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. रंगाचा खर्च कापायचा असेल तर रक्कम करारात लिहा. तुमच्या वापराने झालेली स्वाभाविक झीज त्यातून वगळा.

सामानाचा विमा मात्र स्वतः काढा. ‘भारत गृह रक्षा’ या नावाची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, ती पुराची जोखीम घेते आणि भाडेकरी केवळ घरातील सामानासाठीही ती घेऊ शकतो. करार, विमा आणि आधारवरील पत्ता या तिन्हींत घरक्रमांक एकसारखा असू द्या, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासमोर धावपळ होणार नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि ती कराराच्या आधीची आहे. आईला पुन्हा त्या घरी घेऊन जा आणि जिना स्वतःच्या पायांनी चढू द्या, उतरू द्या. जेवणाचा आग्रह झाला तर जेवणानंतर पुन्हा एकदा. नंतर तिच्याशी बसून ठरवा की पाणी चढू लागले तर कुठे जायचे. तुमच्या मनात सांगली असेल. परंतु २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि तिकडची वाहतूक बंद पडली. गडहिंग्लजकडची वाट तर याच नदीच्या काठाने जाते. म्हणजे पुराच्या दिवसांत तुम्हांला माहेरची दिशाच बंद असेल. बेळगावच्या बाजूला एखादे ओळखीचे घर पाहून ठेवा, आणि आंबोली-आजऱ्यात दोन दिवस झड लागल्याचे कळले की, संकेश्वरात ऊन असले तरी, आईची औषधे आणि कागदांची पिशवी घेऊन तिला तिकडे पोचवून या.